शितावरून भाताची परीक्षा

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी बोलताना सापडलं की डायरीत रिमार्क यायचा, आणि घरी इंग्लिश बोलताना सापडलं की आजीचा! दहावीच्या मराठीच्या पेपरात 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीचा अर्थ विचारला होता. मी बिनधास्त लिहून आले, 'थंड झालेल्या भातावरून त्याची चव ओळखणे.' शीत म्हणजे थंड, हे शीतपेयामुळे पक्कं माहीत होतं ना! घरी आल्यावर आजी हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "अवं बाई, शीत म्हंजे भाताचा दाणा."

त्या म्हणीचा खरा अर्थ मला यंदा कळला, आणि तोही एका फिश टँकमध्ये. म्हणून हा लेख. शुद्धलेखन बाबांनी तपासलंय, चुका दिसल्या तर त्यांच्या समजाव्या.

आम्ही सक्करदऱ्याला राहतो. आयुर्वेदिक कॉलेज, बुधवार बाजार आणि भोसल्यांच्या काळातला तलाव, या तिघांच्या मधोमध कुठेतरी आमचं घर सापडतं. घरात आई, बाबा, आजी, मी आणि सातवीतला माझा भाऊ. आजोबा मागच्या वर्षी गेले. त्यांना दम्याचा त्रास होता. शेवटचे दोन महिने घरीच ऑक्सिजनचं सिलिंडर लावलेलं होतं. ते गेल्यावर समोरच्या खोलीतला त्यांच्या पलंगाचा कोपरा रिकामा झाला. तिथे काय ठेवायचं, हा प्रश्न कोणी काढत नव्हतं. ऑगस्टमध्ये भावाच्या वाढदिवसाला त्याने फिश टँकचा हट्ट धरला आणि तो कोपरा आपोआप भरला.

टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी भरून साधारण पन्नास लिटर. दुकानदाराने त्याच दिवशी आठ मासे बांधून दिले. दोन गोल्डफिश, चार मॉली, दोन एंजल. भावाने गोल्डफिशची नावं ठेवली बादशाह आणि बिरबल. आजी आधी म्हणाली, "एवढ्याशा काचंत कोंबले बिचारे!" पण दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची टीव्हीकडून टँककडे वळली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहिली मॉली मेली. भाऊ लाकडी नंदी घेऊन आळीत फिरून आला आणि बघतो तर ती पाण्यावर तरंगून राहिली होती. आम्ही म्हटलं, प्रवासाचा त्रास झाला असेल. रविवारी मी कॉलेजचं सबमिशन बाजूला ठेवून अख्खा टँक रिकामा केला, खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. टँक असा चमकला की शाळेतल्या सिस्टरनी स्टार दिला असता.

पुढच्या चार दिवसांत आणखी दोन मॉली गेल्या. मरायच्या आधी सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. कल्ले लाल झालेले. दुकानदाराने निळं औषध दिलं, मेथिलीन ब्ल्यू, आणि सांगितलं, "पाणी पूर्ण बदला, ताई." बदललं. परत स्पंज धुतला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की कल्प्रिट क्लोरीन असणार! आपल्या नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी शुद्ध करून येतं. नळापर्यंत जंतू वाढू नयेत म्हणून त्यात थोडं क्लोरीन शिल्लक ठेवावंच लागतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलंय. माणसाला ते सोसतं, पण माशाचे कल्ले थेट पाण्यात उघडे असतात, त्यांना ते जाळतं. झालं! मी नळाचं पाणी बंद करून अंगणातल्या बोअरचं पाणी भरलं. वरून फिल्टरची जागा बदलली, खाद्याचा ब्रँड बदलला, खिडकीचा पडदा ओढला आणि लाइटही बंद ठेवला.

दोन दिवसांत दोन्ही एंजल मेले.

आता यात एक गंमत बघा. मी इलेक्ट्रॉनिक्सची स्टुडंट. फॉल्ट फाइंडिंगचा पहिला नियम आम्हाला सेकंड इयरलाच शिकवतात: एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्रेडबोर्डवर सर्किट चालत नसेल आणि तुम्ही आयसी, रेझिस्टर आणि सप्लाय एकदम बदलले, तर चालू झालं तरी का झालं ते कळत नाही आणि बंद राहिलं तरी का राहिलं ते कळत नाही. व्हायव्हामध्ये हे उत्तर मी छातीठोकपणे दिलं होतं. घरी मात्र एकाच दुपारी पाच गोष्टी बदलून बसले.

एंजल मेले त्याच दिवशी बाबांची एंजिओग्राफी होती. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली. संध्याकाळी रिपोर्ट आला, ब्लॉकेज नाही. घरी येऊन आजीने देवापुढे पेढे ठेवले आणि नंतर एक पेढा टँकजवळ आणून हात जोडले. म्हणाली, "मासा घरावरचं संकट आपल्या अंगावर घेते. यायनं माह्या पोराचं घेतलं." बाबा काही बोलले नाहीत. मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यात पाणी बघून मी गप्प बसले. पेढा टँकमध्ये जाऊ दिला नाही, एवढंच सायन्स त्या दिवशी दाखवलं.

उरले तिघे. बादशाह, बिरबल आणि एक मॉली.

सिव्हिलला माझी एक मैत्रीण आहे. तिचं एन्व्हायर्नमेंटलचं लॅब सुरू होतं. तिला सगळं सांगितल्यावर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "यार, तू दर रविवारी रीसेट बटण दाबून राहिली आहेस." मग तिने मला जे समजावलं ते दोन वर्षांच्या लेक्चरपेक्षा जास्त लक्षात राहिलं, म्हणून थोडक्यात सांगते.

मासा खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य सडतं, त्याचाही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो. टँकमध्ये जाणार कुठे? तिथे काही जिवाणू कामाला येतात. एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी (ते रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकदच काढून घेतं), नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू राहतात खड्यांवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजमध्ये. ते फार सावकाश वाढतात. दुसरे जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना अर्धा ते एक दिवस लागतो. नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोपर्यंत आठ मासे म्हणजे हॉस्टेल बांधायच्या आधीच ॲडमिशन फुल्ल! आणि ती जी थोडीफार वस्ती होत होती, तिला मी दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढत होते. निळ्या औषधाचाही त्यांना फटका बसू शकतो.

हे सगळं काही नवीन नाही बरं का. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युन्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडून पाहिलं. सुरुवातीचे काही दिवस काहीच झालं नाही, मग अमोनियाचं नायट्रेट व्हायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्म सोडला की ते बंद पडायचं. म्हणजे हे काम जिवंत कोणीतरी करतंय! पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढले. आपल्या भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तिथेही घाण खाण्याचं काम जिवाणूच करतात. मैत्रीण म्हणाली, "तुझा टँक म्हणजे छोटं भांडेवाडीच समज."

मग आम्ही दोन बाटल्या पाणी लॅबमध्ये नेलं. क्लोरीन शून्य. म्हणजे माझा कल्प्रिट निर्दोष सुटला. नेस्लरच्या टेस्टमध्ये पाणी मात्र चहासारखं पिवळं-तपकिरी झालं. अमोनिया लिटरला सुमारे ३ मिलिग्रॅम. आणि पीएच ८.२. इथे बोअरची भानगड कळली. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक कमी त्रासाचं आणि एक खरं विषारी. पीएच जितका जास्त, तितकं विषारी रूप जास्त. पाणी ३० अंशांवर असेल तर पीएच ७.४ ला एकूण अमोनियाचा साधारण २ टक्के भाग विषारी असतो. ८.२ ला तोच ११ टक्के होतो. बोअरच्या जड पाण्याने अमोनिया वाढवला नाही, होता तोच पाचपट विषारी केला. माझ्या हिशोबाने विषारी भाग ०.३३ मिलिग्रॅम आला. कल्ल्यांना इजा व्हायला ०.०५ सुद्धा पुरतो. एंजलना मी मारलं होतं, हे त्या दिवशी कॅल्क्युलेटरवर दिसलं.

नवीन नियम ठरले. बोअर बंद. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून, रोज फक्त पाव टँक बदलायचं. घाई असेल तर हायपोचे थेंब. हो तोच, फर्स्ट इयरच्या टायट्रेशनमधला सोडियम थायोसल्फेट, तो क्लोरीन मारतो. स्पंज नळाखाली नाही, टँकच्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. खाद्य दिवसातून एकदा, मोजून सात दाणे. आणि वहीत रोज नोंद. मी भावाला तारीख, वेळ, दाणे आणि रीडिंग असे कॉलम आखून दिले.

इतकं सगळं करूनही अमोनिया उतरेना. पाणी बदललं की खाली यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. पितृपक्षात शेवटची मॉली गेली. तीन दिवसांनी पहाटे बादशाह गेला. भावाने त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि वहीतला कॉलम रिकामा ठेवला. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. ताईला सगळं येतं, असं त्याला वाटायचं.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले. इनपुट आणि आउटपुट जुळत नव्हतं. सात दाण्यांतून एवढा अमोनिया निघूच शकत नाही. म्हणजे कुठूनतरी असं इनपुट येतंय जे वहीत नाही. मी फिल्टर उचलला. त्याच्या मागे, खड्यांच्या फटीत काहीतरी पांढरं, फुगलेलं, बुळबुळीत दिसलं. चिमट्याने काढलं.

भाताचं शीत होतं. मग दुसरं निघालं. मग वाटीभर!

दुसऱ्या दिवशी पाचचा अलार्म लावून उठले. समोरच्या खोलीत अंधार होता. आजी खुर्चीवर बसून टँकशी बोलत होती. बुधवार बाजारात संभार किती महागला, शेजारच्या काकूंचं ऑपरेशन कसं झालं, नातू काल कसा रडला, सगळं. आजोबांना रोज सकाळी सांगायची तसंच. बिरबल वर आला होता आणि तोंड उघडझाप करत होता. "घे रे बाप्पा, घे," म्हणत तिने रात्रीचा भात बोटांनी मऊ करून पाण्यात सोडला.

"आजी, हे काय करून राहिली?"

ती दचकली नाही. म्हणाली, "तुमी सात दाने टाकता. त्यानं कोनाचं पोट भरते? पाय ना कसा तोंड उघडून मागून राह्यला. रोज सकाळी असेच मागतेत."

तिथेच मला सगळं सर्किट दिसलं. माशाला पाण्यात श्वास घेता येत नाही, म्हणून तो वर येऊन तोंड उघडतो. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी राहतो, २० अंशांवर लिटरला ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांवर साडेसातच. त्यात सडणारा भात आणि जिवाणू रात्रभर ऑक्सिजन खातात, म्हणून पहाटे हाल सगळ्यात वाईट. आजीला वाटतं, भूक लागली. ती भात टाकते. भात सडतो, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन आणखी कमी होतो, मासा आणखी तोंड उघडतो, आजी आणखी भात टाकते. याला आमच्याकडे पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. गॅदरिंगमध्ये माइक स्पीकरसमोर नेल्यावर जी शिट्टी वाजते ना, तेच.

पण फीडबॅक सापडला म्हणून मी खूश झाले असं कोणी समजू नये. खुर्चीवर बसलेल्या त्या बाईला मी काय सांगणार होते? तू ज्यांना हात जोडलेस त्यांना तूच मारलंस? अर्धे तर मीच मारले होते.

मी फक्त एवढंच म्हटलं, "आजी, तो मागत नाही. त्याला दम लागलाय."

ती बराच वेळ टँककडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुह्या आजोबासारखा?"

मी काहीच बोलले नाही.

"तेही असंच तोंड उघडत. मले वाटे भूक लागली. मी आपली पेज भरवत राहे. ते मान हलवत, अन् मी म्हनो, एक घास घ्या, एकच घास." तिने हातातलं शीत पदराला पुसलं. "दम होता का तो?"

मित्रांनो, इथे मला एकही इक्वेशन आठवलं नाही. आजोबांचा दम पेजेने वाढला नव्हता, त्यांची फुप्फुसंच थकली होती, हे मी तिला सांगितलं. ते खरंच होतं. डॉक्टरांनीही तेव्हा तेच सांगितलं होतं. तिने ऐकलं. पटलं की नाही, माहीत नाही. मग मी माझंही सांगून टाकलं. स्पंज धुतला तो मी, बोअरचं पाणी भरलं ते मी, एंजल गेले ते माझ्यामुळे. आजी म्हणाली, "म्हंजे दोघीयनं मिळून मारले." आणि उठून तिने पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून खड्यांतला सगळा भात पाइपने ओढून काढला. एअर पंप बाजारातून आणला. आजोबांच्या गोळ्यांच्या डबीचं छोटं झाकण आजीने शोधून काढलं. आता खाद्य देणं हे फक्त तिचं काम आहे. संध्याकाळी झाकणात सात दाणे मोजते, भाऊ वहीत लिहितो. पहाटे ती अजूनही टँकजवळ बसते आणि बोलते, पण हात पदरात ठेवून.

सहाव्या दिवशी अमोनिया पहिल्यांदा खाली राहिला. मग नायट्राइट वर गेलं. तेव्हा मैत्रिणीच्या सल्ल्याने चिमूटभर साधं मीठ टाकलं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मग तेही उतरलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, फक्त नायट्रेट. भाऊ ओरडत घरभर पळाला. बिरबल आता पहाटे वर येत नाही. तळाशी खडे उचलत फिरतो. आजी म्हणते, "आता त्याले माह्याशी बोलाले फुरसत नाई."

विसर्जनानंतर किंवा उन्हाळ्यात आपल्या नागपूरच्या तलावांत मासे मेल्याच्या बातम्या येतात, त्या मी आधी वाचून सोडून द्यायचे. आता सक्करदऱ्याच्या तलावावरून जाताना काठाला टाकलेलं निर्माल्य दिसलं की मला ते शीत आठवतं. फुलं टाकणारा कोणी दुष्ट नसतो. तोही काहीतरी भक्तीने वाहूनच जातो, आणि पहाटे पाण्यात ऑक्सिजन किती उरला हे त्याला दिसत नाही. गेल्या काही वर्षांत महापालिका तलावांजवळ कृत्रिम टाक्या लावते, त्याचं कारण मला आत्ता नीट कळलं.

ज्युनियर्ससाठी दोन सूचना देऊन थांबते, नाहीतर संपादक कात्री लावतील. फॉल्ट शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि इनपुट-आउटपुट जुळत नसेल तर इन्स्ट्रुमेंटला शिव्या देण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, की वहीत नसलेलं काय चाललंय. विचारताना आवाज मात्र हळू ठेवा.

परवा दोन नव्या मॉली आणल्या. एकदम आठ नाही, दोनच. भावाने नावं विचारली तेव्हा आजी म्हणाली, "नावं नंतर. आधी जगू दे." पण काल पहाटे मी पाणी प्यायला उठले तेव्हा ती त्यांना काहीतरी नावाने हाक मारत होती. कोणत्या, ते मी विचारलं नाही.